'बंदिनी'तली घरघर

बिमल रॉय यांच्या 'बंदिनी'त (1963) तुरुंगातल्या बायका जात्यावर दळत असतात आणि त्यांतली एक गाऊ लागते. तिचं नाव आपल्याला कळत नाही, गुन्हा कळत नाही, अजून किती वर्षं काढायची तेही कळत नाही. गाणं संपलं की ती बराकीतल्या गर्दीत मिसळून जाते. नायिका कल्याणी, म्हणजे नूतन, गात नाहीच, ती ऐकते. सचिनदेव बर्मन यांची अशी चाल हाताशी असताना ती नायिकेच्या ओठांवर न देणं हा त्या काळच्या धंद्याच्या हिशेबानं शुद्ध वेडेपणा होता. चित्रपटाची उंची मला या वेडेपणातच दिसते.

गाण्यात आहे काय? एक सासुरवाशीण बापाला निरोप धाडते: यंदा श्रावणात भावाला पाठव, मला बोलावून घे. लहानपणच्या मैत्रिणी माहेरी येतील, आंब्याला झोके बांधले जातील. मग तक्रार येते. वर्षं लोटली, ना पत्र, ना माहेरचं कुणी माणूस. आपल्याकडे नागपंचमीच्या सुमाराला मुऱ्हाळ्याची वाट बघणारी लेक ज्या सुरात बोलते तोच हा सूर. आणि गीतकार शैलेंद्रनं अख्ख्या गाण्यात तुरुंगाचा उल्लेख एकदाही केलेला नाही. भिंत नाही, बेडी नाही, शिक्षा नाही. हेच गाणं रेडिओवर लागलं तर नवख्या श्रोत्याला ते कैदेतलं आहे असा संशयही येणार नाही. तुरुंग आहे तो सगळा पडद्यावर: जाडेभरडे कपडे, उंच भिंत, जात्याच्या खुंट्यावरचे हात, आणि भिंतीशी उभी राहून ऐकणारी नूतन.

शब्द सासरचं बोलतात, चित्र तुरुंगाचं. दोन्ही एकमेकांना ओळखही देत नाहीत. मधली जोडणी आपण करतो, आणि ती केली की पोटात कालवतं. कारण भाऊ खरंच आला तरी काय होणार? तो फाटकापाशी थांबेल. मुलाखतीचा दिवस असेल तर दोन शब्द बोलायला मिळतील आणि वेळ संपली की त्याला हाकललं जाईल. सासरच्या बाईचं माहेर लांब असतं. हिचं बंद आहे. हे गाणारीला ठाऊक आहे, ऐकणाऱ्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे, तरीही ती जुनंच गाणं म्हणते, कारण तुरुंगासाठी वेगळं गाणं तिच्यापाशी नाही. एखाद्या कमी प्रतीच्या कवीनं इथे पिंजरा, पाखरू आणि साखळदंड यांची रांग लावली असती. (पाखरू याच चित्रपटात आहे. तुरुंगातल्या बायकांचं दुसरं गाणं त्याच्यावरच बेतलेलं आहे. तेही गोड आहे, पण त्याचा अर्थ आपल्याला आयता मिळतो, म्हणून ते मला थोडं दुय्यम वाटतं.)

चालीबद्दल बोलायचं तर बर्मनदांनी वाद्यमेळ इतका आवरला आहे की जात्याची घरघर हाच ठेका होतो. पिलूच्या अंगानं जाणारे स्वर, लोकगीताचा सैल तोल, आणि आशाबाईंचा आवाज. हा त्यांचा नेहमीचा लाडिक आवाज नव्हे. वाक्याच्या शेवटी तो थोडा खाली बसतो, दम लागलेल्या माणसासारखा. दळणारी बाई गाते तेव्हा श्वास हाताला बांधलेला असतो. खुंटा पुढे ढकलताना सूर तुटू द्यायचा नाही आणि ओढून घेताना पुढचा शब्द उचलायचा. 'बंदिनी'त कल्याणीच्या गतायुष्यातली गाणी लताबाईंनी गायली आहेत आणि तुरुंगातल्या बायकांची आशाबाईंनी. लताबाई आणि बर्मनदा यांचा कित्येक वर्षांचा अबोला याच चित्रपटाच्या वेळी सुटला, तेव्हा ही वाटणी कितपत ठरवून झाली असेल देव जाणे. पण झाली ती अचूक. मोकळेपणाचा एक गळा आणि कैदेचा दुसरा, अशी सरळ फाळणी कानाला कळते.

हे सगळं घडलं आपल्या अंधेरीत. बिमल रॉय यांच्या संस्थेचा मुक्काम अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या मोहन स्टुडिओत होता आणि 'बंदिनी'चं स्टुडिओतलं काम तिथेच झालं. 'मुघल-ए-आझम'चा शीशमहालही याच आवारात उभा राहिला होता. आज त्या रस्त्यावर घाटकोपरला जाणारी मेट्रो डोक्यावरून धडधडत जाते आणि खाली रिक्षांचा खच असतो. स्टुडिओ नावापुरता जुन्या माणसांच्या बोलण्यात उरला आहे. बंगाली मंडळींचा चित्रपट म्हणून आपण 'बंदिनी'कडे बघतो, पण त्यात आपल्या माणसांची वस्ती बरीच आहे. नूतन समर्थांची. कल्याणीचे वडील, वैष्णव पदांत रमणारे पोस्टमास्तर, म्हणजे आपले राजा परांजपे; 'जगाच्या पाठीवर' करून त्यांना जेमतेम तीन वर्षं झाली होती. संकलन मधू प्रभावळकरांचं. आणि गीतकार शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरी करून आलेला. लोखंडाचा आवाज दिवसभर कानांत घेऊन घरी येणाऱ्या माणसाला कष्टाच्या लयीबद्दल कुणी शिकवायची गरज नसते.

आता त्या जात्याविषयी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना जाणवतं की आपल्या बायकांनी जात्याला मैत्रीण मानलं, देव मानलं, नवऱ्याच्या आणि सासूच्या चहाड्या त्याच्याकडे केल्या. म्हणून घरचं दळण सुखाचं होतं असं मुळीच नाही. पण पहाटे उठून मूठ मूठ वैरणारी बाई मधेच थांबू शकत होती, मूल रडलं तर उठू शकत होती, शेजारणीला हाताशी बोलावू शकत होती. पीठ कुणाच्या तोंडी जाणार हे तिला माहीत होतं. तुरुंगानं हेच जातं उचललं आणि त्यातून हे सगळं काढून घेतलं. धान्य मोजून द्यायचं, पीठ मोजून घ्यायचं, कमी भरलं तर शिक्षा. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अंदमानचा कोलू आणि रोजच्या तीस पौंड तेलाचं माप उभं राहतं. ते राजबंद्याचं दुःख होतं. ते लिहिलं गेलं, छापलं गेलं. गुन्हेगार बायकांच्या जात्याची बखर कुणी लिहिली नाही. 'बंदिनी'तली साडेतीन-चार मिनिटं त्या जागी येऊन बसतात.

जातं कंटाळवाणं असणं हा तुरुंगाच्या कारभारातला अपघात नव्हता. कंपनी सरकारच्या काळात कैद्यांना बेड्या घालून उघड्यावर रस्त्यांच्या कामाला लावत. 1838 साली तुरुंगांच्या शिस्तीबद्दल एका समितीनं अहवाल दिला. मेकॉले या समितीत होते. समितीला रस्त्यावरचं काम पसंत पडलं नाही. कारण कैदी तिथे मरतात एवढंच नव्हतं. तिथे मोकळी हवा असते, बाजार असतो, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलता येतं, कुणी चिलीम देतं. शिक्षेची धार जाते. म्हणून कैद्याला भिंतीआड ठेवावं आणि काम असं द्यावं की ते नीरस, एकसुरी, जीव विटवणारं असेल. विलायतेत त्यासाठी पायानं फिरवायचं चाक होतं, ज्यावर चढत राहायचं आणि पोचायचं कुठेच नाही. इथे जातं होतंच. हे कळल्यावर गाण्यातली घरघर वेगळी ऐकू येते. तिच्यातला एकसुरीपणा सरकारी निर्णयानं आलेला आहे, आणि एक बाई त्याच एकसुरीपणाचा ठेका धरून गाते आहे. ज्या आवाजानं तिचं मन मारायचं ठरलं होतं तो तिनं साथीला घेतला, याला बंड म्हणावं का? मी म्हणणार नाही. दळण त्यामुळे एका मुठीनंही कमी होत नाही. उलट गाणाऱ्या बाया जास्त दळतात, हे कुठल्याही मुकादमाला कळतं.

तुरुंगातल्या मजुरीचं मूळ शोधत गेलं तर वाट गुलामगिरीच्या दारातून जाते. 1807 साली ब्रिटिश पार्लमेंटनं गुलामांचा व्यापार बंद केला. 1810 मध्ये मॉरिशस इंग्रजांच्या ताब्यात आलं तेव्हा उसाच्या मळ्यांवर गुलाम होते, पण नवे आणायची सोय उरली नव्हती, आणि रस्ते तर बांधायचे होते. गव्हर्नर फार्क्वार यांनी कंपनीकडे हिंदुस्थानातले कैदी मागितले. 1815 ते 1837 या काळात बंगाल आणि मुंबई इलाख्यातून सुमारे 1,500 जन्मठेपेचे कैदी तिकडे गेले. 1836 साली चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला तेव्हा त्यानं हे लोक काम करताना पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांबद्दल लिहून ठेवलं. एवढी भारदस्त माणसं इथे काय करताहेत, असं त्याला वाटलं असावं. गुलाम मोकळे झाले 1835 मध्ये, आणि त्याच सुमाराला करारानं बांधलेल्या गिरमिटिया मजुरांची जहाजं सुरू झाली. मालकाला हात हवे होते. ते कुठल्या नावाखाली येतात हे दर पिढीला बदलत गेलं.

कैद्यांची वाहतूक दोन्ही दिशांनी होती. सिंगापूर, पेनांगकडे हिंदुस्थानी कैदी जात. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल त्यांच्याच हातचं. आणि तिकडचे चिनी आणि मलाय कैदी इकडे येत. महाबळेश्वरला त्यांच्यासाठी वेगळा तुरुंग होता, तो 1864 मध्ये बंद झाला. डोंगरावरचे बरेच रस्ते या कैद्यांनी केले. साहेबांच्या जेवणासाठी बटाटे आणि विलायती भाजी पिकवायची, वेताच्या टोपल्या विणायच्या, तेही त्यांनीच. पॉइंट बघत फिरताना आपण ज्या गर्द सावलीच्या वाटांचं कौतुक करतो त्या घरापासून हजारो मैलांवर आणून टाकलेल्या बेडीतल्या माणसांनी खोदल्या आहेत. तिथे यावर एखादी पाटी लावायला कुणाची हरकत नसावी.

कायद्यानं मात्र गुलामगिरीची बंदी आणि सक्तमजुरी या दोन्ही गोष्टी एकाच पोथीत शांतपणे लिहून ठेवल्या. 1860 च्या भारतीय दंडसंहितेनं माणसाला गुलाम म्हणून विकत घेणं हा गुन्हा ठरवला. कुणाकडून त्याच्या मर्जीविरुद्ध बेकायदा मजुरी करून घेणं हाही गुन्हा, कलम 374. आणि त्याच संहितेच्या 53 व्या कलमात शिक्षांच्या यादीत सक्तमजुरी. म्हणजे सगळा भार 'बेकायदा' या एका विशेषणावर. अमेरिकेनं 1865 साली तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी संपवली तेव्हाही गुन्ह्याची शिक्षा म्हणून ती चालेल, अशी फट ठेवलीच. मग दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्या माणसांना भटकंतीसारख्या क्षुल्लक आरोपांवर धरलं आणि मळेवाल्यांना, खाणवाल्यांना भाड्यानं दिलं. आपल्याकडे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आरोपाचीही गरज ठेवली नाही, जन्म पुरला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड राहायचं, हजेरी द्यायची आणि गिरणीत कामाला जायचं. ते कुंपण सुटायला 1952 उजाडलं.

इतका इतिहास पाठीवर घेऊन 'बंदिनी' बघायला बसलं तर तिच्यावर अन्याय होतो, हे मला मान्य आहे. चित्रपट प्रबंध नसतो. पण बिमल रॉय यांना मजुरी आणि लाचारी यांचं नातं चांगलं कळत होतं. 'दो बीघा जमीन'मध्ये घोड्याच्या जागी स्वतःला जुंपून घेणारा रिक्षावाला त्यांनीच दाखवला. 'बंदिनी'त त्यांनी हे नातं आवाजांतून मांडलं आहे. त्या वर्षी फिल्मफेअरनं उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री यांच्याबरोबर ध्वनिलेखनाचंही पारितोषिक 'बंदिनी'ला, डी. बिलिमोरिया यांना, दिलं, ते उगाच नाही.

खुनाचा प्रसंग पाहा. गाव सोडून शहरात आलेली कल्याणी एका इस्पितळात आजाऱ्यांची देखभाल करण्याच्या कामाला आहे. जी चिडकी, विक्षिप्त बाई तिच्या वाट्याला येते तिचे सगळे अपमान पोटात घालून तिची सेवा करायची, कारण नोकरी आहे आणि परत जायला घर नाही. मग कळतं, ही बिकासची, आपल्याला विसरून गेलेल्या माणसाची, बायको. त्याच सुमाराला वडील गेल्याचंही समजतं. नूतन चुलीपाशी बसलेली आहे, चहा व्हायचा आहे. एक शब्द नाही. बाहेर कुठेतरी कामगार लोखंडावर घण घालताहेत आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांचा उजेड भकाभक आत येऊन तिच्या चेहऱ्यावर पडतो आणि विझतो. कमल बोस यांचा कॅमेरा तिथून हलत नाही. दर उजेडात चेहरा तोच असतो आणि दर उजेडात तो आधीचा नसतो. घणांचा आवाज वाढत जातो. आणि मग ती उठते, चहात विष कालवते.

या प्रसंगाचं कौतुक पुष्कळ झालं आहे आणि ते बहुतेक नूतनच्या चेहऱ्याचं झालं आहे. रास्तच आहे. अभिनयात चेहऱ्याला इतकं कमी हलवून इतकं बोलताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. पण माझं लक्ष घणांकडे जातं. पार्श्वसंगीतात व्हायोलिनांचा कल्लोळ करता आला असता, वीज कडाडता आली असती. बिमलदांनी निवडला तो कुणाच्या तरी रोजच्या कामाचा आवाज. बाहेरच्या कामगाराला आत काय चाललंय याची गंधवार्ता नाही, तो पोटासाठी घण मारतो आहे. आतली बाईही पोटासाठीच चहा करते आहे. तिच्या आयुष्यातली पहिली मोठी गोष्ट कष्टाच्या आवाजात घडते, आणि त्या गोष्टीची शिक्षा म्हणून तिला जी जागा मिळते तिथेही कष्टाचाच आवाज आहे. घण आणि जातं. पहिला तिला हात उचलायला लावतो, दुसरा हात खाली बसू देत नाही.

चित्रपटात एक मऊपणाही आहे आणि तो कुठून आला हे ठाऊक असलेलं बरं. मूळ कादंबरी 'तामसी' लिहिणारे जरासंध, म्हणजे चारुचंद्र चक्रवर्ती, स्वतः तुरुंगाधिकारी होते. कैद्यांबद्दल एवढ्या जिव्हाळ्यानं लिहिणारा अधिकारी विरळाच. तरी त्याची खुर्ची टेबलाच्या पलीकडची आहे. म्हणून इथला तुरुंगाधिकारी (तरुण बोस) सज्जन आहे, कल्याणीची कहाणी तो आस्थेनं वाचतो, तिच्या सुटकेच्या वाटेत आडवा येत नाही. सक्तमजुरी कुणी लादली आहे हे चित्रपटात दिसतच नाही. जातं जणू निसर्गानंच तिथे ठेवलं आहे. आणि कुणाला कुठलं काम मिळतं हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. पडद्यावर सगळ्या बायका एका रांगेत दळतात. प्रत्यक्षातल्या तुरुंगांच्या नियमपुस्तकांत स्वयंपाक कुणाच्या जातीनं करायचा आणि संडास कुणाच्या जातीनं साफ करायचे हे लिहिलेलं असे, स्वातंत्र्यानंतरही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी त्यावर लिहिलं, मग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं कैद्यांतली ही जातवार कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे नियमही त्यात गेले. 'बंदिनी'नंतर 61 वर्षांनी.

घटनेचं 23 वं कलम वेठबिगारीला बंदी घालतं. मग सक्तमजुरीचं काय? 1998 मध्ये गुजरातच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की न्यायालयानं दिलेल्या शिक्षेचा भाग म्हणून कैद्याकडून काम करून घेता येईल, मात्र त्याला वाजवी मोबदला दिला पाहिजे, आणि त्यातला काही भाग गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी बाजूला काढण्याची तरतूद सरकारनं करावी. नव्या न्यायसंहितेतही सक्तमजुरी आहे तशी आहे. मला स्वतःला तुरुंगात काम असण्याविषयी तक्रार नाही. रिकाम्या हातानं वर्षं काढणं ही त्याहून वाईट शिक्षा असेल. तक्रार आहे ती 1838 च्या त्या मेकॉलेच्या समितीच्या युक्तीविषयी, कामातून काम काढून घेऊन फक्त शीण ठेवण्याविषयी.

जाता जाता एक गंमत. 'बंदिनी'तला तुरुंगाचा डॉक्टर देवेंद्र म्हणजे धर्मेंद्र. बारा वर्षांनी 'शोले'त पाण्याच्या टाकीवर चढून, मोडक्या इंग्रजीत, बसंतीच्या मावशीला तुरुंगात दळायला बसवणाराही धर्मेंद्रच. थिएटर तेव्हाही हसलं, आजही हसतं. खडी फोडणं आणि चक्की पिसणं या गोष्टी आपल्याकडे विनोदाला चालतात, कारण त्या दुसऱ्या कुणाच्या वाट्याच्या आहेत अशी आपली खात्री असते.

या देवेंद्राशी जोडलेल्या कथानकात चित्रपटातली सगळ्यात बारीक वीण आहे, आणि बरेच जण तिच्यावरून घाईनं पुढे जातात. तुरुंगात एका क्षयाच्या बाईची सेवा करायला कुणी तयार नसतं. कल्याणी पुढे होते. काम जात्यापेक्षा हलकं नाही. थुंकी, रक्त, रात्रीचं जागरण, वर स्वतःला लागण होण्याची धास्ती. पण ते तिनं मागून घेतलेलं आहे, आणि डॉक्टरच्या मनात काय आहे हे कळल्यावर ती मागेही सरते. नूतनची देहबोली इथे बघण्यासारखी आहे. रोग्याच्या उशाशी ती पाठ ताठ ठेवून, नेमक्या हालचालींनी वावरते. काम अवघड आहे, शरीर मात्र स्वतःच्या मालकीचं. दोन्ही कामांना थकवा सारखाच असला तरी एकाला ती नाही म्हणू शकते, दुसऱ्याला नाही. गुलामाला कष्ट जास्त असतात म्हणून तो गुलाम नसतो. मळ्यावरचा मोकळा मजूरही तेवढाच मरमर मरतो. बिमलदांनी हा फरक एकाही संवादाशिवाय, फक्त एका बाईच्या पाठीच्या कण्यातून दाखवला आहे.

म्हणूनच शेवटच्या घाटावरच्या प्रसंगाबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत. सुटून आलेली कल्याणी देवेंद्राच्या घरी जायला निघालेली असते. साहिबगंजच्या घाटावर तिला आजारी, खचलेला बिकास (अशोककुमार) भेटतो आणि त्याच्या लग्नामागची खरी गोष्ट कळते. इकडे गाडी, तिकडे बोट. बर्मनदांचा स्वतःचा खडा आवाज नदीवरून येत राहतो, आणि ती बोटीकडे धावते. आमची एक मैत्रीण, बोरिवलीच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली, या शेवटावर दर वेळी चिडते. तिचं म्हणणं असं की बाई एका चाकरीतून सुटली आणि दुसऱ्या आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. लेखक, दिग्दर्शक सगळे पुरुष, त्यांना याहून वेगळं सुचणार तरी काय. तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मी एवढंच सांगतो की या बाईपुढे सबंध चित्रपटात पहिल्यांदाच दोन वाटा एकदम उघड्या आहेत, हाताला धरून नेणारं कुणी नाही, आणि ती स्वतःच्या पायांनी धावते. मैत्रीण म्हणते, धावायचंच होतं तर गाडीकडे धावायचं. डॉक्टर माणूस चांगला आहे, सासू पत्र पाठवून बोलावते आहे, आणखी काय हवं? यावर माझ्यापाशी उत्तर नसतं. मग आम्ही चहा मागवतो आणि वाद पुढच्या खेपेवर जातो.